शाळेतून गृहशिक्षणाकडे (ठाणे–नवी मुंबई)

मुलाचे नाव शाळेतून काढल्यावर घरचे शिक्षण अंगवळणी पडेपर्यंत जो मधला काळ जातो, त्याला होमस्कूलिंग करणारे पालक ‘डीस्कूलिंग’ म्हणतात. हा शब्द रूढ झाला तो विचारवंत इव्हान इलिच यांच्या १९७१ च्या ‘डीस्कूलिंग सोसायटी’ या पुस्तकामुळे. इलिच मात्र अख्ख्या समाजाबद्दल लिहीत होते, एखाद्या घराबद्दल नव्हे. शाळेत गेलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मोकळा सोडावा, असा पालकांत प्रचलित ठोकताळा आहे. त्यामागे अनुभव आहे, मोजमाप नाही.

या दिवसांत मूल उशिरा उठते, लोळते, ‘कंटाळा आला’चा धोशा लावते. दुपारी सोसायटीच्या गेटवर स्कूलबसचा हॉर्न वाजला की खिडकीशी जाऊन उभे राहते. मोठ्यांना नेमके हेच बघवत नाही, आणि आठवड्याभरात फ्रिजवर वेळापत्रक चिकटते: आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा इंग्रजी. मग सुटतो तो फक्त गणवेश. खरे तर त्या कागदाची गरज मुलापेक्षा आईबाबांना जास्त असते.

अभ्यास लांबला तरी चालतो, सवंगडी तुटून चालत नाही. संध्याकाळी खाली खेळायला उतरायची वेळ म्हणून पाळावीच. लिफ्टमध्ये ‘आज सुट्टी का रे?’ असे कुणीतरी विचारणारच. ‘मी घरी शिकतो’ एवढे उत्तर मुलाच्या तोंडी असले की ते ओशाळत नाही. बाहेर नेण्याजोगे या भागात पुष्कळ आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे, येऊरचे जंगल शहराला लागून आहे आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून थंडीत खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहता येतात.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याचे १० वे कलम मुलाला शाळेत घालणे पालकांचे कर्तव्य मानते, पण ते न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. गृहशिक्षणाचा त्यात उल्लेखच नाही.

पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. ती वर्षातून दोनदा होते. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. इथल्या मुलांचे विभागीय मंडळ वाशीतच आहे. त्या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, म्हणून शाळा सोडतानाच तो मागून घ्यावा आणि नाव, जन्मतारीख तिथल्या तिथे ताडून पाहावी. दाखल्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. त्यात बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच लिहिलेले मिळते.