पेम्ब्रोकच्या पांडा: अमेरिकेतल्या पहिल्या विद्यापीठीय महिला आईस हॉकी संघाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या महिला आईस हॉकीत आज दरारा आहे तो विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओहायो स्टेट या अवाढव्य सरकारी विद्यापीठांचा. २०२५ पर्यंत एकट्या विस्कॉन्सिनने आठ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. ही यादी वरपासून खालपर्यंत चाळली, तरी ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातलं ब्राऊन विद्यापीठ त्यात सापडत नाही. आणि तरीही विद्यापीठाच्या नावाने बर्फावर उतरलेला देशातला पहिला महिला संघ म्हणून मान दिला जातो तो ब्राऊनलाच. सुरुवात १९६४ सालची. पहिलं असणं आणि जिंकणं यांचा संबंध किती कमी असतो, याचं याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही. पण या संघाची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही, कारण मुलींना बर्फ देणाऱ्या याच विद्यापीठाने पुढे मुलींच्या खेळांवरून न्यायालयात अनेक वर्षं भांडण केलं.

आपल्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची हॉकी, म्हणून खेळाविषयी दोन शब्द. बंदिस्त बर्फाच्या रिंकवर दोन्हीकडून गोलकीपर धरून सहा-सहा खेळाडू, चेंडूऐवजी कडक रबराची चकती म्हणजे पक, आणि वीस मिनिटांचे तीन भाग. पुरुषांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला अंगाची धडक देऊन पाडणं नियमात बसतं, महिलांच्या खेळात बसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा खर्चिक खेळ आहे. पॅड, स्केट्स, काठ्या तर लागतातच, पण त्याहून महाग पडतो तो रिंकवरचा वेळ. रिंक एकच असते आणि तिच्यावर पहिला हक्क कोणाचा, यावरच महिला हॉकीचं बरंचसं राजकारण चालत आलं आहे.

मुलींनी हॉकी खेळण्याची सुरुवात अमेरिकेने केली असंही नाही. तो मान कॅनडाचा. तिथल्या विद्यापीठांत मुली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटालाच खेळू लागल्या होत्या. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाची गोलकीपर एलिझाबेथ ग्रॅहम १९२७ मध्ये तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा लावून गोलमध्ये उभी राहिली. पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये जॅक प्लान्टने मुखवटा रूढ केला तो १९५९ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तोवर तिथले गोलकीपर चेहऱ्यावर टाके घालून घेत होते.

ब्राऊनमध्ये मुलींना प्रवेश मिळाला १८९१ साली, पण वेगळ्या कॉलेजात. १९२८ मध्ये त्या कॉलेजाचं नाव पेम्ब्रोक झालं. प्राध्यापक बरेचसे तेच, पदवी ब्राऊनचीच, पण वसतिगृह आणि व्यायामशाळा निराळी. मुलांच्या हॉकी संघाचे प्रशिक्षक होते जेम्स फुलर्टन. १९५५ ते १९७० अशी पंधरा वर्षं त्यांनी हा संघ सांभाळला. त्यांच्याच काळात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, विद्यापीठाला मीहान ऑडिटोरियम ही स्वतःची रिंक मिळाली. १९६४ मध्ये फुलर्टननी पेम्ब्रोकच्या एका विद्यार्थिनीला मुलांच्या सरावात उतरवलं. पूर्ण गणवेशात, पॅड चढवून, ही मुलगी आहे हे पटकन कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. या प्रसंगाचा उल्लेख बहुतेक जण गंमत म्हणून करतात. मला त्यात फुलर्टनचा व्यवहारीपणा दिसतो. परवानगी मागितली असती तर चर्चा झाली असती, समिती बसली असती. त्यांनी आधी खेळायला लावलं.

त्यातून संघ उभा राहिला आणि त्याने नाव घेतलं ‘पेम्ब्रोक पांडाज’. ब्राऊनचं बोधचिन्ह अस्वल आहे, त्यामुळे मुलींनी पांडा व्हायचं ठरवलं असेल तर त्यात खट्याळपणा नक्कीच होता. अडचण एकच होती, खेळायचं कोणाशी? दुसऱ्या कुठल्याच अमेरिकन विद्यापीठाकडे मुलींचा संघ नव्हता. फेब्रुवारी १९६६ मध्ये पांडा मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोल गावी गेल्या आणि तिथल्या वॉलपोल ब्रूम्स या बायकांच्या संघाशी खेळल्या. देशातला पहिला विद्यापीठीय महिला संघ प्रतिस्पर्धी शोधायला गावोगाव हिंडतो, हे त्या काळाचं खरं चित्र. पहिलं असण्याचा तोटा हाच, की समोर कुणी नसतं.

पेम्ब्रोक १९७१ मध्ये ब्राऊनमध्ये विलीन झालं. पुढच्याच वर्षी, २३ जून १९७२ रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ज्या शिक्षण कायद्यावर सही केली, त्यातला ‘टायटल नाइन’ हा भाग सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करायला मनाई करतो. मूळ कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. तरी अमेरिकेतल्या मुलींच्या खेळाचं सगळं पुढचं बांधकाम याच वाक्यावर झालं. ब्राऊनने १९७१ ते १९७७ या सहा वर्षांत मुलींच्या संघांना भराभर विद्यापीठीय दर्जा दिला. आईस हॉकी याच लाटेत आत आली. १९७७ मध्ये ब्राऊनकडे मुलींचे चौदा संघ होते. त्यानंतर लाट ओसरली. पुढच्या जवळजवळ पंधरा वर्षांत भर पडली ती फक्त एका खेळाची, १९८२ मध्ये हिवाळी ट्रॅकची, म्हणजे हिवाळ्यातल्या धावण्याच्या शर्यतींची. हा तपशील लक्षात ठेवावा, तो पुढे न्यायालयात निघणार आहे.

दरम्यान बर्फावर सोबती मिळाले. कॉर्नेल, प्रिन्स्टन, येल अशा आयव्ही लीगमधल्या (ईशान्य अमेरिकेतल्या आठ जुन्या खासगी विद्यापीठांचा गट, ब्राऊनही त्यातलंच) विद्यापीठांनीही मुलींचे संघ काढले आणि १९७६ पासून त्यांची आपसांत स्पर्धा सुरू झाली. पहिली सहा वर्षं ती कॉर्नेलने जिंकली. कॉर्नेलच्या त्या काळातल्या खेळाडूंपैकी एक होती मार्गारेट डेगिडिओ, प्रॉव्हिडन्सला खेटून असलेल्या क्रॅन्स्टनची मुलगी. सगळे तिला ‘डिजिट’ म्हणत. हीच पुढे डिजिट मर्फी म्हणून ब्राऊनची प्रशिक्षक झाली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरपासून २०११ पर्यंत राहिली. तीनशेहून जास्त विजय तिच्या नावावर आहेत. बोलायला फटकळ, माणसं जमवण्यात तरबेज. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा नियम आहे, मदत मिळते ती फक्त घरची परिस्थिती पाहून. त्यामुळे खेळाडूला ‘फी माफ’ म्हणून बोलावता येत नाही, पटवून आणावं लागतं.

तिने आणलेल्या मुलींची नावं पाहिली की तिची नजर कळते. टॅरा माउन्सी न्यू हॅम्पशरमधल्या काँकॉर्डच्या शाळेत मुलांच्या संघातून खेळली आणि १९९६ मध्ये त्या संघाबरोबर राज्याचं विजेतेपद जिंकून आली. १९६४ मध्ये ओळख लपवून मुलांच्या सरावात जावं लागलं होतं. बत्तीस वर्षांनी ब्राऊनमध्ये आलेली ही मुलगी उघडउघड मुलांत खेळून, त्यांच्यात सरस ठरून आली होती. केटी किंगने तीन ऑलिंपिक गाजवली आणि २००६ मध्ये तुरिनला फिनलंडविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात तीन गोल केले. कॅनडाची बचावपटू बेकी केलर ब्राऊनमधून गेली आणि चार ऑलिंपिकमध्ये एक रौप्य, तीन सुवर्ण घेऊन थांबली. गोलकीपर अॅली ब्रूअरला २००० साली पॅटी काझमायर पुरस्कार मिळाला. देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय महिला खेळाडूला मिळणारा हा पुरस्कार गोलकीपरला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

१७ फेब्रुवारी १९९८. नागानो ऑलिंपिकमध्ये महिला आईस हॉकीचा पहिलावहिला अंतिम सामना, अमेरिका ३, कॅनडा १. माउन्सी आणि किंग दोघी विजयी संघात होत्या. अमेरिकेचे तिन्ही गोल न्यू इंग्लंडमधल्या विद्यापीठांत घडलेल्या खेळाडूंनी केले: डार्टमथची ग्रेचन युलियन, नॉर्थईस्टर्नची शेली लूनी, हार्वर्डची सँड्रा व्हाइट. कर्णधार कॅमी ग्रॅनाटो प्रॉव्हिडन्स कॉलेजची, म्हणजे ब्राऊनच्याच शहरातली. ईशान्य अमेरिकेच्या चिमूटभर टापूने एक पूर्ण ऑलिंपिक संघ पोसला होता म्हटलं तरी चालेल. त्या सुवर्णपदकानंतर देशभर मुली रिंकवर येऊ लागल्या. पण त्याच लाटेने या टापूची सद्दीही संपवली.

विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा तोवर नव्हतीच. १९९८ मध्ये ती सुरू झाली आणि पहिल्याच अंतिम सामन्यात ब्राऊन न्यू हॅम्पशर विद्यापीठाकडून १-४ हरलं. २००० मध्ये पुन्हा अंतिम फेरी, या वेळी मिनेसोटाकडून २-४. २००१ पासून एनसीएए या राष्ट्रीय संघटनेने स्पर्धा आपल्या हाती घेतली. २००२ च्या अंतिम सामन्यात ब्राऊन तिसऱ्यांदा पोचलं आणि मिनेसोटा-डुलुथकडून (मिनेसोटा विद्यापीठाची डुलुथ शहरातली वेगळी शाखा) २-३ हरलं. पाच वर्षांत तीन अंतिम सामने, तिन्हींत हार. त्यानंतर ब्राऊन अंतिम फेरीत दिसलेलं नाही.

डुलुथचा संघ म्हणजे नव्या जमान्याचा नमुना. प्रशिक्षक शॅनन मिलर नागानोत कॅनडाच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या. त्यांनी थेट स्वीडन-फिनलंडहून खेळाडू आणले आणि शिष्यवृत्तीच्या बळावर संघ बांधला. पहिली तिन्ही एनसीएए विजेतेपदं डुलुथचीच. (याच मिलर यांचा करार विद्यापीठाने पुढे खर्चाचं कारण देत वाढवला नाही. त्या न्यायालयात गेल्या आणि २०१८ मध्ये ज्युरीने त्यांना ३७ लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. पाच विजेतेपदं मिळवूनही बाईची नोकरी पक्की नसते!) २००१ ते २०१३ ही सगळी विजेतेपदं डुलुथ, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांनी आपसांत वाटून घेतली. हार्वर्ड २००३, २००४, २००५ अशी लागोपाठ तीन वर्षं अंतिम सामन्यात हरलं. २०१० मध्ये कॉर्नेल तिसऱ्या जादा वेळेत हरलं. २०२५ पर्यंत एनसीएएचा करंडक एकाही आयव्ही विद्यापीठाकडे गेलेला नाही. शिष्यवृत्ती न देण्याचा नियम तत्त्व म्हणून मला पटतो. त्याची किंमत किती, ते वरच्या आकड्यांत दिसतं.

आता न्यायालय. १९९१ मध्ये पैसे वाचवायचे म्हणून ब्राऊनने चार संघांचा खर्च बंद केला: मुलींचे जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल, मुलांचे गोल्फ आणि वॉटर पोलो. वर्षाला बचत सुमारे ७७ हजार डॉलर, आणि त्यातला मोठा वाटा मुलींच्या दोन संघांतून. १९९२ मध्ये जिम्नॅस्ट एमी कोहेन आणि इतर विद्यार्थिनींनी दावा लावला. विद्यार्थ्यांमध्ये मुली निम्म्याहून थोड्या जास्त होत्या. खेळाडूंमध्ये मात्र ३८ टक्क्यांच्या आसपास. विद्यापीठाचा एक युक्तिवाद असा, की मुलींना खेळात मुलांइतका रस नसतो. दुसरा असा, की आम्ही मुलींचे खेळ वाढवत आलो आहोत. हा दुसरा मुद्दा म्हणजे सत्तरच्या दशकातली ती लाट, हॉकी जिच्यात आली तीच. न्यायालयाने विचारलं, वाढ सतत चालू आहे का? १९७७ नंतरचा एकच खेळ पाहता तसं म्हणता येईना.

अपील न्यायालयाचा अंतिम निकाल नोव्हेंबर १९९६ चा, कोहेन आणि इतरांच्या बाजूने. रस नाही म्हणून संधी देत नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही, कारण संधी मिळाल्याशिवाय रस निर्माण होत नाही. एप्रिल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. गंमत म्हणजे टॅरा माउन्सीचं ब्राऊनमधलं पहिलं वर्ष तेव्हा चालू होतं.

१९९८ मध्ये समझोता झाला. खेळाडूंमधलं मुलींचं प्रमाण विद्यार्थ्यांमधल्या प्रमाणाच्या ठरावीक मर्यादेत राखायचं ब्राऊनने कबूल केलं. बावीस वर्षांनी, २०२० च्या मे महिन्यात, विद्यापीठाने एका फटक्यात अकरा संघ काढायचं जाहीर केलं. आईस हॉकी त्यात नव्हती, पण मुलींच्या तलवारबाजी आणि घोडेस्वारीसह बरेच संघ होते. जुन्या समझोत्याच्या आधारे पुन्हा वकील उभे राहिले, ते दोन संघ परत आले, आणि बदल्यात जुना समझोता ३१ ऑगस्ट २०२४ रोजी संपवायचं ठरलं. तो संपला. आता ब्राऊनवर टायटल नाइनचं बंधन आहे ते देशातल्या इतर कुठल्याही विद्यापीठाइतकंच, आणि मुलींचा संघ कमी करायची वेळ आली तर दाद मागणाऱ्या विद्यार्थिनींना पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.