दोन फितींचा बायोस्कोप

सिनेमा म्हटलं की सगळं श्रेय ल्युमिए बंधूंच्या पदरात टाकायची आपल्याला सवय आहे. मुंबईत ७ जुलै १८९६ला त्यांचाच खेळ झाला, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण त्याच्या तीन महिने आधी, ६ एप्रिलला, ऑस्लोत (तेव्हाचं क्रिस्तियानिया) हलती चित्रं दाखवली ती बर्लिनच्या स्क्लाडानोव्स्की बंधूंनी. त्यांचं ‘बायोस्कोप’ हे यंत्र ल्युमिएंच्या यंत्राहून अगदी वेगळं होतं.

चित्र पडद्यावर असताना फीत थांबलेली हवी, नाहीतर नुसते उभे ओरखडे दिसतात. म्हणून फीत सरकते तेवढा वेळ प्रकाश अडवावा लागतो, आणि त्या अंधारामुळे पडदा लुकलुकतो. यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे दोन फिती. ५४ मिमी रुंदीच्या एका फितीवर १, ३, ५ ही चित्रं, दुसरीवर २, ४, ६. भिंगंही दोन. समोर फिरणारी अर्धी तबकडी एक भिंग झाकते तेव्हा दुसरं उघडं असतं. प्रत्येक फितीची सेकंदाला ८ चित्रं, मिळून १६. झाकलेल्या फितीला सरकायला सेकंदाचा सोळावा भाग मिळतो, म्हणजे हिसका कमी. तरी फीत ओढण्यासाठी तिच्या कडेला असलेली भोकं फाटू नयेत म्हणून त्यांना धातूच्या कड्या बसवलेल्या होत्या, बुटाच्या नाडीच्या भोकांना असतात तशा.

पण दुसरी फीत एक घर पुढे गेली तर क्रम १, ४, ३, ६, ५, ८ असा होतो आणि पडद्यावरचा माणूस पुढे-मागे थरथरतो. एक फीत जराशी गडद छापली गेली तर सेकंदाला ८ वेळा उजेड-अंधार, आणि तो डोळ्यांना फार टोचतो. भिंगं किंचित जरी हलली तरी अख्खं चित्र नाचतं.

म्हणूनच एकाच फितीची यंत्रं टिकली. त्यांतल्या माल्टीज क्रॉसच्या, म्हणजे फीत थांबत-थांबत सरकवणाऱ्या क्रॉसच्या आकाराच्या चकतीला चार खाचा असतात. शेजारी फिरणारा खिळा त्या खाचेत शिरतो. त्याची एक फेरी झाली की चकती पाव फेरी फिरते, १६ दात्यांचं चाक ४ दाते सरकतं आणि ३५ मिमी फीत बरोबर एक चित्र, म्हणजे १९ मिमी, पुढे येते. सेकंदाला २४ चित्रांच्या वेगात त्याला साधारण १० मिलिसेकंद लागतात. प्रकाश अडवणाऱ्या फिरत्या झडपेला दोन पाती असतात. एक सरकती फीत झाकतं, दुसरं स्थिर चित्रालाच मुद्दाम मधे तोडतं. त्यामुळे २४ चित्रांचे ४८ झोत पडतात आणि लुकलुक जाणवत नाही. झडपेची वेळ चुकली तर शीर्षकांच्या पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपट्या फुटतात.

हे सगळं ‘दृष्टिसातत्या’मुळे, म्हणजे पाहिलेलं चित्र डोळ्यात क्षणभर टिकून राहतं म्हणून, असं शाळेत शिकवतात. ते अपुरं आहे. झोत एकमेकांत मिसळतात ते डोळ्याच्या मंदपणामुळे, पण हालचाल जुळवतो तो मेंदू.

१९१३च्या कायद्याने नॉर्वेत चित्रपटगृहांचे परवाने नगरपालिकांच्या हाती गेले, आणि पुढे ऑस्लोची थिएटरं पालिकाच चालवू लागली. १९६३ साली उघडलेल्या, चित्रकार एडवर्ड मुंकच्या संग्रहालयाची इमारत त्यांच्याच नफ्यातून उभी राहिली. २०११पर्यंत देशातली सगळी चित्रपटगृहं डिजिटल झाली. तिथे आता ना क्रॉस फिरतो, ना झडप. डिजिटल प्रोजेक्टरमधले इवले आरसे कलतात, आणि त्यांच्याने शेपट्या फुटत नाहीत.