इंदूरभोवती घोडेस्वारी: कोणत्या वाटेला कोणाची परवानगी आणि कागद कोणते

घोड्यावर बसायला आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही. आरटीओ नाही, लर्निंग लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही. त्यामुळे राऊच्या किंवा खंडवा रोडच्या तबेल्यात स्वारी शिकलेला माणूस एक दिवस उत्साहाने बाहेर पडतो आणि सिमरोलच्या पुढे वनरक्षक विचारतो, "कुणाला विचारून आलात?" प्रश्न रास्त असतो. इथे परवानगी घोड्याची नसते, स्वाराचीही नसते. ती पायाखालच्या जमिनीची असते. जमीन बदलली की साहेब बदलतो, आणि तासाभराच्या रपेटीत जमीन तीनदा बदलू शकते.

घोडेस्वारीची वाट असा वेगळा प्रकार आपल्या महसूल कायद्यातही नाही आणि वन कायद्यातही नाही. म्हणून या कामाला एकच फॉर्म, एकच खिडकी, एकच फी असं काही नाही. लागतं ते साध्या कागदावरचं हिंदीतलं आवेदन, वाटेचा नकाशा, घोड्याच्या तब्येतीचे दाखले आणि थोडा धीर.

आधी वाट कोणाची ते काढा

कचेरीत जाण्याआधी हे काम घरी बसून करायचं. मध्य प्रदेश भूलेखाच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की खसरा, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांची नंबरवार नोंद, आणि नकाशा दोन्ही बघता येतात. तुमची वाट ज्या ज्या खसरा नंबरांवरून जाते ते लिहून काढा. नंबरापुढे शासकीय रास्ता, चरनोई (गायरान), वन किंवा एखाद्या शेतकऱ्याचं नाव असेल. शंका राहिली तर त्या हलक्याच्या पटवारीला, म्हणजे तलाठ्याला, गाठा. मोबाइलवरच्या नकाशावर ठळक दिसणारी पायवाट खसऱ्यात कुणाच्या तरी लसणाच्या शेतातून जात असते, हे माळव्यात नेहमीचं आहे.

गावाचा वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या रूढ हक्कांची नोंदवही, हीही मागून बघा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २४२ प्रमाणे गावातल्या वहिवाटीचे, म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटांचेही, हक्क त्यात नोंदलेले असतात. जुनी गाडवाट त्यात सापडली तर अर्धं काम झालं. अशी मान्य वाट कुणी काटेरी तार घालून बंद केली असेल तर कलम १३३ खाली तहसीलदार अडथळा काढायचा आदेश देऊ शकतो. त्यासाठी तहसीलदाराकडे खसऱ्याची नक्कल, नकाशा आणि अडथळ्याचे फोटो जोडून अर्ज करावा. गावातले एकदोन शेतकरी सहीला आले तर अर्जाला वजन येतं, कारण वाट त्यांच्या बैलगाडीची आणि ट्रॅक्टरचीही असते. शहरातून आलेल्या स्वारापेक्षा त्यांचं म्हणणं तहसीलमध्ये लवकर ऐकलं जातं, आणि ते बरोबरच आहे.

खासगी शेतं आणि चरनोई

शेतातून जायचं तर मालकाची संमती हवी, आणि ती लेखी असलेली बरी. कागदावर मालकाचं नाव, खसरा नंबर, कोणत्या महिन्यांसाठी संमती आहे आणि नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, एवढं पुरे. स्टॅम्पपेपरची गरज नाही, दोन साक्षीदार मात्र घ्या. सोयाबीन उभं असताना विचारायलाच जाऊ नये. गहू-हरभरा निघाल्यावर शेतकरी सहसा नाही म्हणत नाही. पावसाळ्यात तर काळी माती खुरांना अशी धरते की नाल उपटून येते, तेव्हा त्या महिन्यांत या वाटा तशाही कामाच्या नाहीत.

संमती घेताना एक प्रश्न न चुकता विचारा: कुंपणाला झटका मशीन, म्हणजे तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, आहे का? घोडारोज, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून बरेच शेतकरी ती लावतात. बारीक तार घोड्याला दिसत नाही. झटका बसला की तो उधळतो आणि स्वार खाली येतो.

चरनोई ही गावाच्या गुरांची जमीन. तिच्यावरून जायला ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र घ्या. सरपंचाच्या सहीपेक्षा ग्रामसभेचा ठराव असेल तर अधिक चांगलं, कारण सरपंच बदलतो, ठराव दप्तरात राहतो.

जंगलातली वाट

चोरल, महू आणि मानपूर ही इंदूर वनमंडळाची परिक्षेत्रं (रेंज) स्वारांना सगळ्यात जास्त खुणावतात, आणि गफलतही इथेच जास्त होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये गुरांची जी व्याख्या आहे तिच्यात घोडा, घोडी, तट्टू, शिंगरू, खेचर सगळे येतात. कलम २६ प्रमाणे आरक्षित वनात विनापरवाना शिरणं आणि गुरं शिरू देणं हा गुन्हा आहे. म्हणजे तुमचा जातिवंत मारवाडी घोडा कायद्याच्या लेखी चरायला आलेल्या जनावरांच्या रांगेत उभा असतो. वनरक्षकाशी हुज्जत घालण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावं.

परवानगी वनमंडळाधिकाऱ्याकडे, म्हणजे डीएफओकडे मागायची. कार्यालय नवरतन बागेत आहे. अर्ज थेट तिथे द्या, पण आधी त्या भागाच्या परिक्षेत्र अधिकाऱ्याला भेटा. डीएफओ शेवटी त्यांचाच अभिप्राय मागवतात, आणि कुठल्या नाल्यावरची वाट वाहून गेली, कुठे नवीन रोपवन लावलं, हे त्यांनाच माहीत असतं. रोपवनातून वाट मागितली तर नकार ठरलेला.

अर्जात गावाचं नाव पुरत नाही, वनाचा कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर, लागतो. तो परिक्षेत्र कार्यालयातल्या नकाशावर मिळतो. शिवाय लिहायचं ते असं: घोडे किती, स्वार किती, तारीख आणि वेळ, कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार, घोडे कुठे पाणी पिणार, लीद कोण उचलणार. "कुठेही चरायला सोडणार नाही, आग पेटवणार नाही, ठरलेली वाट सोडणार नाही" हे हमीपत्र सोबत जोडा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाचा आगीचा हंगाम. त्या काळात परवानगीच्या अटी कडक होतात आणि काडेपेटी खिशात असणंही महागात पडू शकतं.

जंगलातली एखादी जुनी वाट विभागाने बंद केली असेल तर कलम २५ वाचून जा. राज्य सरकारच्या मंजुरीने वनाधिकारी वाट बंद करू शकतो, पण तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट असायला हवी. हा मुद्दा अर्जात शांतपणे मांडता येतो.

जनावरांची गोष्ट वेगळी. बिबट्या या पट्ट्यात नवा नाही, आणि २०२३ मध्ये महू परिसरात वाघही फिरत होता. म्हणून पहाटेची किंवा सांजेची वेळ मागू नये. दिवस चांगला वर आल्यावरची वेळ मागा, लवकर मिळते.

रालामंडल

रालामंडल हे १९८९ पासून अभयारण्य आहे. होळकरांचं शिकारघर टेकडीवर आहे म्हणून "आपल्या संस्थानिकांची जुनी रपेटीची जागा" असं कुणी म्हणत असेल तर म्हणू द्यावं. इथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चालतो. प्रवेशावरचे निर्बंध कलम २७ मध्ये आहेत, प्रवेशाचा परवाना कलम २८ मध्ये. परवाना ज्या कामांसाठी मिळतो त्यांत अभ्यास, संशोधन, छायाचित्रण आणि पर्यटन आहे. पर्यटन आहे म्हणजे घोडा आपोआप आला, असं नाही. कलम ३३-अ तर स्पष्ट सांगतं की लसीकरण न केलेलं पशुधन अभयारण्यात नेता येणार नाही, आणि पशुधनात घोडा मोजलेला आहे.

माझं मत विचाराल तर रालामंडलसाठी अर्ज करूच नका. अडीच चौरस किलोमीटरही न भरणारं जंगल, त्यात हरणं, त्यात सुट्टीच्या दिवशी पायी येणाऱ्यांची गर्दी. घोड्याला तिथे जागा नाही.

महूकडे

छावणीच्या हद्दीतली बरीचशी जमीन लष्कराची आहे. तिथे पंचायत, तहसील, वन विभाग यांपैकी कुणाचंही पत्र चालत नाही. लष्कराच्या स्टेशन मुख्यालयाची लेखी परवानगी हवी. बेरछा रेंज या लष्कराच्या गोळीबार सरावाच्या मैदानाच्या बाजूला तर कुठल्याही कारणाने जाऊ नये. फुटायचे राहिलेले गोळे जमिनीत असतात आणि त्यापायी माणसं दगावली आहेत. पाताळपाणीच्या बाजूला रूळ ओलांडायचे असतील तर फक्त फाटकावरून, घोड्यावरून उतरून, लगाम हातात धरून. इतर ठिकाणी रुळांवर जाणं रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

डांबरी रस्ता

तबेल्यापासून कच्च्या वाटेपर्यंतचा डांबरी तुकडा हाच सगळ्यात धोक्याचा. तिथे एकट्यादुकट्या स्वाराला वेगळी परवानगी लागत नाही. पंधरावीस घोडे रांगेने न्यायचे असतील तर मात्र पोलीस आयुक्तालयाकडे आधी अर्ज द्या, नाहीतर ती मिरवणूक धरली जाईल.

स्वारांना क्वचितच माहीत असलेलं एक कलम इथे कामाला येतं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १३२ सांगतं की गाडीमुळे जनावर बिथरेल अशी भीती ते सांभाळणाऱ्या माणसाला वाटली आणि त्याने थांबायला सांगितलं, तर चालकाने गाडी थांबवायची. त्या कलमातल्या जनावरांच्या यादीत घोडा पहिला आहे. हात वर करून थांबवा, कलम नंतर सांगा. उलट बाजूही तेवढीच पक्की: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार वाहन चालवण्याइतकंच बेदरकार स्वारीलाही लागू होतं, आणि कलम २९१ प्रमाणे जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

घोड्याचे आणि स्वाराचे कागद

घोड्याचे कागद जमवायलाच जास्त वेळ लागतो, म्हणून त्यांना आधी हात घाला. सरकारी पशुवैद्यकाकडून तब्येतीचा दाखला आणि ओळखपत्र घ्या. ओळखपत्रावर रंग (कुमैत, मुश्की, अबलख, नुकरा), उंची, वय, कपाळावरचा पट्टा, पांढरे पाय आणि भोवरे लिहिलेले असावेत. मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर. धनुर्वात आणि रेबीजच्या लसींची नोंद सोबत लावा.

ग्लँडर्सचा तपासणी अहवाल जवळ ठेवाच. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, आणि संसर्गजन्य पशुरोगांच्या २००९ च्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना पशुपालन विभागामार्फत जातो. हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र ही देशातली त्यासाठीची मुख्य प्रयोगशाळा. एखादा भाग रोगामुळे नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला की घोड्यांची ने-आण थांबते. मग हातात डीएफओचं पत्र असलं तरी घोडा तबेल्यातच. तपासणीबद्दल शंका असेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येतं.

घोडा ट्रकमधून न्यायचा असेल तर पशु परिवहन नियम, १९७८ प्रमाणे प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा वेगळा दाखला लागतो. काटेरी लगाम तर वापरूच नका, तो नियमाने बंद आहे.

स्वाराकडून ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि जवळच्या माणसाचा फोन नंबर एवढं घेतात. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकाचं संमतीपत्र आणि सोबत जाणाऱ्या जबाबदार प्रौढाचं नाव द्या. घोडा भाड्याचा असेल तर मालकाचं पत्र. लग्नाच्या वरातीतली घोडी आणून रपेट करणारेही आहेत. ती बँड-फटाक्यांना दाद देत नाही, पण झुडपातून मोर फडफडत उडाला की जागच्या जागी उभी राहते मागच्या पायांवर. मालकाला कुठे नेतोय ते खरं सांगा. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. कायदा विचारत नाही, पण ते घातल्याचं अर्जात लिहिलेलं अधिकाऱ्याला आवडतं.

अर्ज दिल्यानंतर

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. तोंडी "हो, जा" यावर कधी विसंबू नका, कारण नाक्यावरच्या शिपायाला ते तोंड दिसत नाही. परवानगी मिळाली की तिची प्रत परिक्षेत्र कार्यालयात, बीटच्या वनरक्षकाला आणि वाटेतल्या पंचायतीला स्वतः नेऊन द्या. मूळ कागद तबेल्यात, झेरॉक्स खोगिराच्या पिशवीत, फोटो मोबाइलमध्ये.

उत्तर आलंच नाही तर आवक नंबर घेऊन आधी त्याच शाखेत जा. नंतर मोती तबेल्यातल्या कलेक्टोरेटमध्ये मंगळवारी जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारींची सुनावणी, असते, किंवा सीएम हेल्पलाइन १८१ आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून "माझ्या अर्जावर काय कारवाई झाली" एवढंच विचारलं तरी तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि अनेकदा त्या निमित्ताने फाइल हलते. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. कक्ष क्रमांक चुकला असेल किंवा वाट रोपवनातून जात असेल, तर वाट थोडी वळवून नवीन नकाशासह पुन्हा अर्ज करता येतो.

परवानगी ज्या तारखांची, त्याच तारखांची. पाऊस पडून वाट बदलली, घोडा बदलला किंवा स्वार वाढले तर जुन्या पत्रावर जाऊ नका. परिक्षेत्र कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या आणि त्यावरही शिक्का घ्या.