हात लहान आहेत म्हणून बास गिटार नको?

"बोटं लहान आहेत ना, मग बास नको, घ्यायचाच तर शॉर्ट स्केल घे" हे दुकानात आणि ग्रुपवर इतक्या वेळा ऐकवतात की लोकांना ते खरंच वाटायला लागलंय. आता आकडेच बघा ना, नेहमीच्या बासचा स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी) 34 इंच, शॉर्ट स्केलचा 30, पण पहिल्या फ्रेटची (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घराची) रुंदी एकात साधारण 48 मिमी आणि दुसऱ्यात 43, म्हणजे फरक जेमतेम पाच-सहा मिमीचा! आणि दर फ्रेटवर एक बोट ताणून ठेवायचं असं सांगितलंय कोणी? डबल बासवाले (उभं धरून वाजवायचं ते मोठं व्हायोलिनसारखं वाद्य) तर 41-42 इंचांवर वाजवतात, ते खालच्या पोझिशनला (नेकच्या वरच्या टोकाकडे, जिथे घरं रुंद असतात) तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरतात (अनामिका करंगळीला आधार देते) आणि हात सरळ सरकवतात. बासवर पण तेच चालतं.

शॉर्ट स्केल वाईट नाही हां, त्याचा गुबगुबीत आवाज आवडत असेल तर खुशाल घ्या, पण घ्यायच्या आधी नेकची रुंदी बघा, फेंडरचा जॅझ बास नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) 38 मिमीच्या आसपास, त्यांचाच प्रिसिजन 41 च्या पुढे, आणि पट्टा लावून उभं राहून बघाच, हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) खाली झुकत असेल तर डावा हात नेक सांभाळण्यातच दमतो.