वादकांचं दफ्तर : अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रा-संघटनेमागची कारकुनी

एक तक्ता आहे. डावीकडे एकाखाली एक ऑर्केस्ट्रांची नावं : बॉस्टन, शिकागो, क्लीव्हलंड, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क. पुढे रकाने. हंगाम किती आठवड्यांचा, आठवड्याचा किमान पगार किती, भरपगारी रजा किती, पेन्शन आहे की नाही, आठवड्यात जास्तीत जास्त किती 'सर्व्हिसेस'. एक तालीम किंवा एक कार्यक्रम म्हणजे एक सर्व्हिस. वाजवणाऱ्याच्या कामाचा हिशेब तासांत होत नाही, असा होतो. दिसायला हा तक्ता हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सच्या यादीइतकाच रुक्ष. पण अमेरिकेतल्या सिम्फनी-वादकांची (म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मोठ्या ऑर्केस्ट्रांत वाजवणाऱ्यांची) आजची संघटना उभी राहिली ती असल्या तक्त्यांवर, आणि ते भरणाऱ्या लोकांवर.

संघटनेचं नाव लांबलचक आहे : इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑफ सिम्फनी अँड ऑपेरा म्युझिशियन्स. सगळे 'इक्सॉम' म्हणतात. पन्नासेक मोठे ऑर्केस्ट्रा, सुमारे 4,000 वादक. तिची गोष्ट सांगायची तर आधी तिच्या आईची सांगावी लागते, आणि आई-लेकीचं पटत नव्हतं इथूनच ती सुरू होते.

आई म्हणजे अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स, वादकांची देशव्यापी युनियन, स्थापना 1896. तिच्या शहरोशहरीच्या शाखांना 'लोकल' म्हणतात. (मुंबईकरांनी दचकू नये, यांना फक्त नंबर असतात, फलाट नसतो.) न्यूयॉर्कची लोकल 802, लॉस एंजेलिसची 47, शिकागोची 10. या शाखांत नाचाच्या बँडवाले, थिएटरवाले, हॉटेलात पियानो वाजवणारे, लग्नसमारंभात वाजवून दिवसा दुसरी नोकरी करणारे असे सगळे. त्या गर्दीत सिम्फनीवाले मूठभर. निवडणुकीत त्यांच्या मतांनी काही हलत नसे, त्यामुळे त्यांच्या गाऱ्हाण्यांनीही हलत नसे.

पगाराची बोलणी शाखेचा अध्यक्ष करायचा. ऑर्केस्ट्राच्या विश्वस्तांसोबत तो बसायचा, आकडा ठरवायचा आणि बाहेर येऊन सांगायचा. ज्याच्या पोटाचा प्रश्न त्या वादकाला ना खोलीत जागा, ना नंतर मत. शिकागोत हे जेम्स सीझर पेट्रिलो यांच्या हातात होतं. 1940 ते 1958 ते साऱ्या देशाच्या फेडरेशनचेही अध्यक्ष होते. ग्रामोफोनमुळे वादकांचं काम जातं म्हणून 1942 मध्ये त्यांनी देशभरातलं रेकॉर्डिंगच बंद पाडलं, ते दोन वर्षांहून अधिक काळ. कंपन्यांशी असं झुंजणारा माणूस आपल्याच सभासदांनी कमिटी नेमली तर मात्र खपवून घेत नसे. युनियनचे पुढारी पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

मराठी वाचकाला ही तक्रार ओळखीची आहे. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 खाली गिरण्यांत एकच मान्यताप्राप्त युनियन असे आणि करार तिनं केला की तो सगळ्यांवर लागू. "आम्हाला कोण विचारतंय?" हा सवाल साचत साचत 1982 च्या संपापर्यंत गेला. व्हायोलिन आणि माग यांत साम्य शोधत बसायला नको, पण आपल्या नावानं सही करणारा आपल्याला विचारत नाही ही जळजळ दोन्हीकडे सारखीच.

क्लीव्हलंडच्या वादकांनी कोर्टाचा रस्ता धरून पाहिला. युनियनांच्या कारभारात लोकशाही यावी म्हणून अमेरिकेनं 1959 मध्ये एक कायदा केला होता. त्याच्या आधारे त्यांनी स्वतःच्याच शाखेवर दावा लावला : करार मंजूर-नामंजूर करायचं मतदान आम्हाला मिळालं पाहिजे. 1962 मध्ये अपील कोर्टाचा निकाल विरोधात गेला. कायद्यात असा हक्क नाही, युनियनच्या घटनेत असेल तरच. म्हणजे घटना बदलायला हवी, आणि त्यासाठी आधी एकमेकांना गाठायला हवं.

गाठ पडत नव्हती हीच तर अडचण. त्या काळी बऱ्याच ऑर्केस्ट्रांचा हंगाम वर्षाच्या निम्म्याहून थोडाच मोठा. उरलेले महिने शिकवण्या, उन्हाळी बँड, दुकानातली नोकरी, जे मिळेल ते. क्लीव्हलंडच्या ओबोवाल्याला (ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य) बॉस्टनच्या ओबोवाल्याचा पगार ठाऊक नसे. व्यवस्थापकांना मात्र एकमेकांचे आकडे माहीत असत, ऑर्केस्ट्रांची संघटना 1942 पासून होती. समोरच्याच्या हातात सगळी पानं आणि आपल्याला आपलीही धड दिसत नाहीत, अशा डावात बसायचं.

त्यातच 1961 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं वादकांशी इतकं फाटलं की हंगामच रद्द होणार होता. शेवटी केनेडींचे श्रममंत्री आर्थर गोल्डबर्ग लवाद म्हणून बसले. डिसेंबरात आलेल्या निवाड्यात वादकांच्या पदरात मागणीच्या मानानं थोडंच पडलं, पण गोल्डबर्ग यांनी त्याला जोडून लिहिलं की कलांना सरकारी पैसा मिळाला पाहिजे. वादकांच्या खिशाचा प्रश्न प्रथमच इतक्या वर जाऊन पोचला होता.

मे 1962 मध्ये शिकागोत काही ऑर्केस्ट्रांचे प्रतिनिधी भेटले. पेट्रिलो यांच्याच गावात, हे विशेष. बैठक फेडरेशनला पसंत असण्याचं कारण नव्हतं. चारच वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतले वादक फुटून वेगळी युनियन काढून बसले होते. त्यामुळे जमलेल्यांनी शब्द जपून वापरला : 'कॉन्फरन्स'. युनियन म्हटलं असतं तर दुसरी चूल मांडल्याचा ठपका आला असता आणि सभासदत्वावर गदा. सप्टेंबरात क्लीव्हलंडला पुन्हा बैठक झाली. बॉस्टन सिम्फनीचे व्हायोलिनवादक जॉर्ज झाझोफ्स्की पहिले अध्यक्ष झाले. त्याच डिसेंबरात पेट्रिलो चाळीस वर्षांनी शिकागोच्या शाखेची निवडणूक हरले.

ऑक्टोबर 1962 मध्ये पत्रिकेचा पहिला अंक निघाला. नाव 'सेन्झा सोर्दिनो'. स्वरलिपीतली ही इटालियन सूचना आहे. व्हायोलिनच्या घोडीवर एक छोटी चिमटी बसवली की आवाज दबतो, ती चिमटी म्हणजे सोर्दिनो. ती काढून वाजवा, म्हणजे सेन्झा सोर्दिनो. संघटनेच्या मुखपत्राला यापेक्षा चांगलं नाव मला तरी सुचलं नसतं. आपल्याकडे 'एल्गार' किंवा 'हुंकार' ठेवलं असतं.

पत्रिकेचं खरं काम मात्र नावाइतकं रोमँटिक नव्हतं. प्रत्येक ऑर्केस्ट्राच्या प्रतिनिधीकडून करार मागवायचा, वाचायचा, त्यातले आकडे एका मापात आणायचे, छापायचे, टपालात टाकायचे. 'एका मापात' इथे खरी डोकेफोड. एका करारात रेकॉर्डिंगची हमी पगारात धरलेली, दुसऱ्यात वेगळी. एकीकडे सुट्टीचे आठवडे हंगामात मोजलेले, दुसरीकडे नाहीत. दोन आकडे शेजारी मांडले म्हणजे तुलना झाली असं नसतं, हे कुठल्याही कारकुनाला विचारा. आणि हे करणारा माणूस कारकून नव्हताच. सकाळी दहाला तालीम, रात्री कार्यक्रम, मधल्या वेळेत टंकलेखन.

तरी परिणाम झाला. वाटाघाटीत "एवढं कुठेच देत नाहीत" असं कोणी म्हटलं की समोर कागद सरकवता येऊ लागला. 1964 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला वर्षाचे बावन्नही आठवडे पगार देणारा करार झाला, देशातला पहिला. मग बाकीच्यांचं लक्ष त्या रकान्यावरून हलेना. 1966 मध्ये फिलाडेल्फियात 58 दिवसांचा संप झाला. त्याच सुमारास फोर्ड फाउंडेशननं 61 ऑर्केस्ट्रांसाठी 8 कोटी डॉलरच्या वर रक्कम जाहीर केली होती. हे नुसतं तक्त्यामुळे घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पैसा आला, काळ अनुकूल होता. पण पैसा आला तेव्हा मागणी नेमकी किती करायची हे वादकांना ठाऊक होतं, आणि दहा वर्षं आधी ते ठाऊक नव्हतं.

1969 मध्ये फेडरेशननं इक्सॉमला आपली अधिकृत कॉन्फरन्स म्हणून मान्यता दिली. लेक घरात परत आली, पण आपल्या अटींवर. करारावर वादकांचं मतदान, वाटाघाटीत वादकांची स्वतःची कमिटी, गरज पडल्यास स्वतःचा वकील, या गोष्टी त्या दशकात हळूहळू पदरात पडत गेल्या. न्यूयॉर्कचे कामगार-वकील फिलिप सिप्सर संघटनेचे सल्लागार झाले, पुढे लेन लीबोविट्झ. फेडरेशनमध्ये सिम्फनीवाल्यांसाठी वेगळा संपनिधीही सुरू झाला : दर वादकामागे ठरावीक वर्गणी, आणि संप झाला की आठवड्याला ठरावीक मदत. वर्गणी भरताना कोणी खूश नसतो. निधी लागतो तेव्हा मात्र पहिला फोन कोषाध्यक्षालाच जातो.

दफ्तरात एक कपाट जरा वेगळं आहे. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता 1967 मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत संचालक, म्हणजे मुख्य कंडक्टर होते. न्यूयॉर्कच्या ऑर्केस्ट्राबद्दल ते काहीतरी खोचक बोलले आणि ते छापून आलं. न्यूयॉर्कचे वादक भडकले, मेहतांना खुलासा करावा लागला. पुढे 1978 पासून 13 वर्षं त्याच ऑर्केस्ट्राची धुरा त्यांनी सांभाळली, त्यामुळे शेवट गोड. पण कंडक्टरनं वादकांबद्दल काय बोलावं यावर वाद होऊ शकतो, तर वादकांचं कंडक्टरबद्दलचं मत कुठे नोंदवायचं? त्यासाठी इक्सॉमचे छापील फॉर्म असतात. पाहुणा कंडक्टर आठवडाभर काम करून गेला की वादक गुण देतात : ताल स्पष्ट दाखवतो का, तालमीचा वेळ नीट वापरतो का, संगीताची समज कशी. नावं गुप्त. फॉर्म गोळा करून त्यांची बेरीज होते, आणि एखादा ऑर्केस्ट्रा नवा संचालक शोधत असेल तर त्याच्या वादकांना इतर शहरांतली मतं मिळतात. ज्या पेशात कंडक्टरच्या भुवईवर नोकरी जायची, तिथे हा कागद किती वजनाचा असेल याचा अंदाज करा.

नावातल्या 'इंटरनॅशनल'चा खुलासा : सुरुवातीला कॅनडाचे वादक सोबत होते. सत्तरच्या दशकात त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. पाटी कोणी बदलली नाही. छोट्या ऑर्केस्ट्रांसाठी 1984 मध्ये आणखी एक वेगळी झाली.

आज कारभार असा चालतो. दर ऑर्केस्ट्राचे वादक आपल्यातून एक प्रतिनिधी निवडतात. ऑगस्टात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, दरवर्षी वेगळ्या शहरात परिषद भरते. तिथे अहवाल, ठराव, निवडणुका. कार्यकारिणीत अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, 'सेन्झा सोर्दिनो'चा संपादक वगैरे धरून नऊ जण, आणि सगळे कुठल्या ना कुठल्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे. सचिव बदलला की दफ्तराचा गावही बदलतो. सभासदांची यादी, करारांच्या प्रती, वर्गणीची थकबाकी, परिषदेचं इतिवृत्त हे सगळं एखाद्या व्हायोलिनवाल्याच्या घरच्या टेबलावर असतं. गणेशोत्सव मंडळाचं पावतीपुस्तक ज्यानं वर्षभर कपाटात जपलंय त्याला यातला ताप वेगळा सांगायला नको.

या यंत्रणेची कसोटी लागते ती दुसऱ्या बाजूनं दार बंद झाल्यावर. डेट्रॉइटच्या वादकांचा संप ऑक्टोबर 2010 पासून सहा महिने चालला. मिनेसोटा ऑर्केस्ट्रात व्यवस्थापनानं ऑक्टोबर 2012 मध्ये टाळेबंदी केली, ती जानेवारी 2014 पर्यंत उठली नाही. पंधरा महिने पगार नाही. अशा वेळी परिषदेतून हाक जाते आणि इतर शहरांतले वादक छोटे छोटे चेक पाठवतात. चेकच्या रकमेपेक्षा तो कुठून आला याचं अप्रूप जास्त असतं. पण कोणाला पाठवायचा, कुठल्या पत्त्यावर, पोच कोण देणार, हे सगळं कोणीतरी आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. 2020 मध्ये सगळीच सभागृहं बंद झाली तेव्हा दार सगळ्यांचंच एकदम बंद झालं. कोणाचा पगार किती टक्के कापला गेला, विमा कोणाचा चालू राहिला, हे प्रश्न त्या वर्षी नव्यानं आले.

सॅन अँटोनियोत सप्टेंबर 2021 मध्ये संप सुरू झाला. व्यवस्थापनाला पगारही कमी करायचे होते आणि वादकांच्या जागाही. जून 2022 मध्ये मंडळानं दिवाळं जाहीर करून सिम्फनीच बंद केली. वादकांनी त्याच गावात सॅन अँटोनियो फिलहार्मोनिक या नावानं पुन्हा सुरुवात केली. जुन्या ऑर्केस्ट्राची ओळ मागच्या वर्षांच्या तक्त्यांत तशीच आहे : आठवडे, किमान पगार, रजा. 2022 च्या पुढे रकाने रिकामे.