नाकावरचा मास्क आणि वॉर्डातले वास

ड्युटीवर एन-९५ लावला की ड्रेसिंग सोडताना जखमेचा वास पूर्वीसारखा कळत नाही, हे आम्ही सिस्टर लोक २०२० पासून एकमेकींना सांगतोय. तेव्हा तर कोविडनेच वास जायचा, त्यामुळे मास्कमुळे कळत नाहीये की आपल्यालाच झालाय या विचाराने पोटात गोळा यायचा.

मागे जाऊन बघितलं तर नाक झाकायची सुरुवात वासापासूनच झालीय. सतराव्या शतकात युरोपात प्लेगचे डॉक्टर चोचीसारखा मुखवटा घालायचे, त्याचं श्रेय बहुतेक वेळा फ्रान्सच्या शार्ल द लोर्म या डॉक्टरला देतात. दुर्गंधीतूनच रोग होतो असं तेव्हा मानत, म्हणून चोचीत पुदिना, कापूर असलं काहीतरी भरायचं, म्हणजे बाहेरचा वास आत यायलाच नको.

मग जंतू सापडले, आणि १८९७ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात कार्ल फ्लुग्गे या जंतुशास्त्रज्ञाने बोलताना तोंडातून उडणाऱ्या थेंबांतून जंतू पसरतात हे दाखवलं, तिथल्याच सर्जन मिकुलिचने ऑपरेशनला तोंडावर गॉज म्हणजे जाळीदार सुती कापड बांधायला सुरुवात केली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या पेशंटची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, हे वाचलं की मला अजून गलबलून येतं. पुढे १९१०-११ मध्ये चीनमधल्या मांचुरियाच्या प्लेगात डॉक्टर वू लिएन-तेह यांनी कापूस-गॉजचा मास्क सगळ्यांना लावायला लावला, आणि तो न लावता पेशंट तपासायला गेलेले फ्रेंच डॉक्टर मेस्नी त्याच प्लेगने गेले. एन-९५ हे नाव अमेरिकेतल्या १९९५ च्या नियमांतून आलं. या सगळ्यात मास्कने काय अडवायचं याचाच विचार झाला, आत नाकाला काय कळेनासं होईल ते कुणी फारसं बघितलं नाही.

खरं तर एन-९५ वास अडवायला बनवलेलाच नाही, तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण धरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वासाचे रेणू त्याहून कितीतरी बारीक, त्यांना अडवायला कोळशाचा थर लागतो. तरी फरक पडतो कारण हुंगायला जोर लागतो, वरची क्लिप नाक आवळते आणि आपलाच गरम दमट श्वास आत फिरत राहतो, चहा प्यायला असेल तर चहाच.

आणि वॉर्डात नाक लागतंच हो. शुगर फार वाढून ॲसिडोसिस म्हणजे रक्तात आम्ल वाढलेल्या पेशंटच्या तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो, स्यूडोमोनास नावाचे जंतू झालेल्या जखमेला द्राक्षासारखा, आणि पोटात रक्तस्राव होऊन काळी शी झाली की तो वास एकदा घेतला की जन्मात विसरत नाही. ट्रेनिंगला आम्हाला सीनियर सिस्टरांनी हे हुंगवून शिकवलं होतं, आताच्या मुली पहिल्या दिवसापासून मास्कमध्येच.

मास्क काढायचा प्रश्नच नाही, टीबीचा पेशंट शेजारीच असतो. म्हणून हल्ली मी जवळ बसलेल्या नातेवाइकालाच विचारते, मावशी, ह्यांच्या तोंडाला कालपासून काही वेगळा वास येतोय का?