काळे तेल चालेल, ओले तेल नको
वापरलेले खाद्यतेल देणाऱ्या मेस, खानावळी, कॅन्टीन आणि भजी-वडापावच्या गाड्यांसाठी माहितीपत्रक

पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातले आमचे केंद्र विद्यार्थी चालवतात, तळणाचे उरलेले तेल आम्ही वजनावर विकत घेतो आणि त्याचे बायोडिझेल करून आवारातल्या जनरेटरसाठी व बागेच्या ट्रॅक्टरसाठी डिझेलमध्ये मिसळतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही हे पत्रक काढावे लागले, कारण डबा देताना जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "तेल फार काळे झाले आहे, चालेल ना?" आणि ज्या गोष्टीबद्दल कोणीच विचारत नाही, तिच्यापायी आमचे शनिवार-रविवार वाया जातात. ती गोष्ट म्हणजे तेलातले पाणी.

आधी रंगाविषयी सांगतो. तेल पुन्हा पुन्हा तापले की त्यातली मुक्त आम्ले वाढतात आणि ती किती वाढली आहेत, हे आम्ही प्रत्येक घाण्याआधी मोजतो. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, फिनॉल्फथेलीन या रंग बदलणाऱ्या सूचकाचे दोन थेंब टाकायचे आणि लिटरभर पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून केलेले द्रावण त्यात थेंबाथेंबाने सोडायचे. एका क्षणी गुलाबी रंग येतो आणि टिकतो. ताज्या तेलाचे बायोडिझेल करायला लिटरमागे साधारण ३.५ ग्रॅम कॉस्टिक लागतो, आणि गुलाबी रंग येईपर्यंत द्रावण जितके मिलिलिटर लागले तितके ग्रॅम त्यात वाढवायचे, एवढाच हा हिशेब आहे. काळ्या तेलाला सोडा जास्त लागतो, बायोडिझेल थोडे कमी मिळते, पण काम होते. भज्यांचा चुरा, मिरचीच्या बिया, करपलेले पीठ हे सगळे गाळणीवर अडते, तेव्हा त्याबद्दल संकोच करण्याचे कारण नाही.

पाण्याचे मात्र तसे नाही. गाळलेले तेल आम्ही ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, त्यात लिटरमागे सुमारे २०० मिलिलिटर मेथॅनॉल आणि त्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडतो, तासभर ढवळतो आणि रात्रभर स्थिर ठेवतो. घाणा नीट जमला असेल, तर सकाळी टाकीच्या काचनळीत दोन थर स्वच्छ दिसतात : खाली काकवीसारखे गडद ग्लिसरीन आणि वर मधाच्या रंगाचे बायोडिझेल. तेलात पाणी असेल, तर कॉस्टिक आपले ठरलेले काम सोडून तेलाचा साबण करू लागतो. तो साबण ग्लिसरीनला आणि बायोडिझेलला एकमेकांपासून सुटू देत नाही आणि सकाळी नळीत थर न दिसता पातळ पिठल्यासारखा एकच गढूळ लगदा दिसतो. त्यात घातलेले मेथॅनॉल आणि कॉस्टिक दोन्ही गेले, शिवाय टाकी खरवडून धुण्यात पुढचा दिवस जातो, आणि ही मुले सोमवारी वर्गात बसायची असतात.

हे पाणी मुद्दाम कोणी घालत नाही, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. कढई विसळलेले पाणी त्याच डब्यात ओतले जाते, धुतलेला कॅन ओलाच भरला जातो, पावसाळ्यात झाकण उघडे राहते. गेल्या डिसेंबरात एका मेसच्या काकांनी तर आमची सोय व्हावी म्हणून थंडीने थिजलेल्या पामतेलाच्या डब्यात किटलीभर उकळते पाणी ओतले, आणि आमच्या मुलांनी घाईत चाचणी न करता तो डबा टाकीत रिकामा केला. चाचणी टाळण्याची ती चूक आमचीच होती. पामतेल थंडीत गोठणारच. असा डबा तासभर उन्हात ठेवावा किंवा आम्हाला तसाच द्यावा, पातळ करण्याचे काम आमचे.

तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाणी तळाशी बसते, आणि वरून पाहणाऱ्याला डबा निर्दोष दिसतो. म्हणूनच आमची मुले डब्यात तळापर्यंत नळी घालून नमुना काढतात. काहींना हा अविश्वास वाटतो. तो तसा नाही, पण तेल किलोवर घेताना पाण्याचेही पैसे मोजणे या केंद्राला परवडणारे नाही. ही तपासणी आपल्यालाही घरच्या घरी करता येईल : तळातले दोन चमचे तेल कोरड्या पळीत घेऊन मंद आचेवर धरावे, चेहरा जरा लांब ठेवून. मोहरी न घालताच तेल तडतडू लागले, तर त्यात पाणी आहे असे समजावे. असे तेल आम्ही परत पाठवत नाही, पण ते शंभर अंशांपुढे तापवून कोरडे करण्यात वेळ आणि गॅस जातो, त्यामुळे त्याचा दर कमी लावतो.

दराचा विषय निघाला आहे, तर आमच्यापेक्षा चार पैसे जास्त देऊन कसलेही तेल उचलणारे लोक बाजारात आहेत, हेही मान्य करतो. त्या तेलाचे पुढे काय होते, एवढे मात्र त्यांना एकदा विचारून पाहावे. तळताना तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे, आणि असे तेल पुन्हा कढईत न जाता बायोडिझेलकडे वळावे म्हणून त्याच वर्षी 'रुको' हा उपक्रम सुरू झाला. रोज ५० लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरांना वापराची नोंद ठेवून अधिकृत संकलकाकडेच तेल द्यावे लागते. त्यांना आमच्या छोट्या केंद्राचा उपयोग नाही. लहान मेसला मात्र तारीख आणि वजन लिहिलेली आमची पावती फाइलला लावून ठेवता येते.

"थोडे बायोडिझेल आमच्या टेम्पोला द्या" या मागणीला आम्ही नम्रपणे नकार देतो, कारण विक्रीसाठी आयएस १५६०७ या मानकानुसार तपासणी आणि परवानग्या लागतात. गाळलेले तेल तसेच टाकीत ओतण्याचा प्रयोगही करू नये. ते डिझेलच्या सुमारे दहापट घट्ट असते आणि इंजिनाचे नोझल चोंदते. मेथॅनॉलचे रिकामे ड्रम पाणी भरायला मागू नयेत, ते विषारी रसायनाचे असल्यामुळे कितीही धुतले तरी आम्ही कोणाला देत नाही. त्याऐवजी ग्लिसरीनमधले मेथॅनॉल काढून केलेला फरशी आणि मोरी धुण्याचा द्रव साबण नियमित तेल देणाऱ्यांना आम्ही नाममात्र दरात देतो, आणि तेलकट ओट्यावर तो चांगला चालतो.

तेल पूर्ण निवल्यावरच कॅनमध्ये भरावे, कारण गरम तेलाने प्लॅस्टिकचा तळ मऊ पडून गळतो. मटणाची चरबी आणि वनस्पती तूप वेगळ्या डब्यात द्यावे. शनिवारी सकाळी नऊपर्यंत आमची मुले येतात. भरलेला कॅन घेतल्यावर त्या जागी धुऊन, उलटा ठेवून दोन दिवस वाळवलेला दुसरा कॅन ठेवून जातात. तो कृपया पुन्हा विसळू नये.